गुप्तदान देवळात, निवडणूक निधी चावडीवर

२७ ऑगस्ट १९८१ या दिवशी औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचे कामकाज सुरू झाले. मराठवाड्याची ती फार जुनी मागणी होती. निजामी राजवट संपून तेहतीस वर्षे लोटली होती, तरी येथील पक्षकाराला न्यायासाठी दूरची वाट धरावी लागत असे. तत्कालीन मुख्यमंत्री बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांच्या सरकारने खंडपीठासाठी पुढाकार घेतला होता आणि त्याचे श्रेय त्यांना देण्यात कोणी हात आखडता घेऊ नये. परंतु नियतीचा खेळ असा की, त्यानंतर अवघ्या चारच दिवसांनी, ३१ ऑगस्ट रोजी, ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि ज्या उच्च न्यायालयाचे दार मुख्यमंत्र्यांनी मराठवाड्याला उघडून दिले, त्याच उच्च न्यायालयाच्या निकालाने साडेचार महिन्यांत त्यांचे मुख्यमंत्रिपद गेले.

ते प्रकरण आजच्या तरुण कार्यकर्त्याला नावापुरतेच ठाऊक असते. त्या काळी सिमेंटवर नियंत्रण होते. घर बांधायचे तर सिमेंटचा परवाना हवा आणि परवाना सरकारच्या हाती. याच काळात कलावंत आणि साहित्यिक यांच्या साहाय्यासाठी म्हणून ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ नावाचा न्यास निघाला. त्याच्यासह अन्य न्यासांकडे बिल्डर मंडळींच्या देणग्यांचा ओघ सुरू झाला. साखर कारखानेही त्यात मागे नव्हते. प्रतिभेची एवढी कदर महाराष्ट्रातील कंत्राटदारांनी त्यापूर्वी कधी केली नव्हती आणि त्यानंतरही केल्याचे ऐकिवात नाही! पां. बा. सामंत यांच्या याचिकेवर न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी निकाल दिला. देणगी आणि सिमेंटचे वाटप यांचा परस्परसंबंध त्यांना स्पष्ट दिसला. अंतुले यांना पायउतार व्हावे लागले.

फौजदारी खटल्याची कथा निराळी आहे. तो दाखल केला होता भारतीय जनता पक्षाचे मुंबईतील नेते रामदास नायक यांनी. मुख्यमंत्र्यांविरुद्ध एखाद्या सामान्य नागरिकाला फिर्याद दाखल करता येते काय, या प्रश्नावर ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंजले. १९८४ मध्ये त्या न्यायालयाने निर्वाळा दिला की, फौजदारी कायद्याची चक्रे कोणीही नागरिक फिरवू शकतो. पुढे खटला रेंगाळला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने खटला उच्च न्यायालयाकडे सोपविण्याचा आधीचा आदेशच फिरविला आणि अखेरीस अंतुले यांना शिक्षा झाली नाही; पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले. रामदास नायक यांची मात्र १९९४ साली मुंबईत गोळ्या घालून हत्या झाली. ज्या कार्यकर्त्याने देणगीमागचा व्यवहार उजेडात आणण्यासाठी आयुष्यातील उमेदीची वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्यात घालविली, त्याचे स्मरण पक्षनिधीच्या चर्चेत आज कितीजण करतात?

प्रतिभा प्रतिष्ठान हा राजकीय पक्ष नव्हता, हे खरे. पण त्या प्रकरणाने जे सूत्र दाखवून दिले ते पक्षनिधीला जसेच्या तसे लागू पडते. एका हाताने परवाना देणाऱ्याने दुसऱ्या हाताने देणगी घेतली, तर देणगी आणि लाच यांच्यातील सीमारेषा पुसली जाते. आणि दोन्ही हात पडद्याआड असतील, तर ती पुसली गेली की नाही हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

हा धोका महाराष्ट्राच्याच एका न्यायमूर्तींनी प्रजासत्ताकाच्या बालपणीच ओळखला होता. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रात दुरुस्ती करून राजकीय पक्षांना देणगी देण्याचा अधिकार मागितला. एका भागधारकाचा त्यास विरोध होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नसल्याने न्यायालयाला परवानगी नाकारता आली नाही. परंतु ती देताना छागलांनी बजावले की, हा धोका वाढत जाऊन उद्या लोकशाहीचाच गळा आवळू शकेल आणि संसदेने याची वेळीच दखल घ्यावी. सामान्य मतदाराचे एक मत आणि कंपनीची तिजोरी यांचा सामना बरोबरीचा नसतो, ही त्यामागची चिंता होती. संसदेने १९६० मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर मर्यादा घातली, ती या पार्श्वभूमीवर.

टाटांचेच दुसरे उदाहरण याहून उद्बोधक आहे. १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटा यांनी पंतप्रधान पंडित नेहरू यांना पत्र लिहून कळविले की, आपला उद्योगसमूह काँग्रेसबरोबरच स्वतंत्र पक्षालाही निधी देणार आहे. कारण देशाला लोकशाही मार्गाने चालणाऱ्या विरोधी पक्षाची आवश्यकता आहे. स्वतंत्र पक्ष हा नेहरूंच्या आर्थिक धोरणाचा कडवा टीकाकार. तरीही नेहरूंनी उत्तर दिले की, टाटा यांना तसे करण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आहे. मात्र हा पक्ष प्रबळ विरोधक होईल ही त्यांची आशा आपल्याला पटत नाही. नेहरूंच्या धोरणांशी या पृष्ठांवरील वाचकांचे मतभेद अनेक आहेत आणि ते राहतील. पण विरोधकाला पैसे देतो आहे हे उद्योगपतीने पंतप्रधानाला सहीनिशी लिहून कळवावे आणि त्यावरून त्याच्या कारखान्यावर कोणतेही गंडांतर येऊ नये, हे दृश्य साठ वर्षांनंतर अद्भुतरम्य वाटू लागावे, यात सर्वच पक्षांच्या वाटचालीचा हिशेब आला.

घसरण सुरू झाली ती १९६९ मध्ये. इंदिरा गांधी यांच्या सरकारने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर सरसकट बंदी घातली. वरकरणी ही सुधारणा वाटते. १९६७ च्या निवडणुकीत अनेक राज्यांतून काँग्रेसची सत्ता गेली होती आणि उद्योगपतींचा पैसा उजव्या विचारांच्या विरोधी पक्षांकडे वळू लागला होता, हे ध्यानात घेतले की या सुधारणेचा अर्थ उलगडतो. बंदीने देणग्या थांबल्या नाहीत; फक्त धनादेश थांबले. परवाना राज्य जोमात होते, परवान्यासाठी दिल्लीच्या वाऱ्या अटळ होत्या आणि वारीला जाताना बॅग रिकामी नेण्याचा प्रघात नव्हता. काळ्या पैशाचे आणि निवडणुकीचे लग्न लागले ते या सोळा वर्षांत. १९८५ मध्ये बंदी उठली, तेव्हा धनादेशाने पैसे द्यायची सवयच सुटलेली होती.

याच काळातील आणखी एक अध्याय विस्मरणात गेला आहे. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्लीतून पराभूत झालेले जनसंघाचे कंवरलाल गुप्ता यांनी विजयी काँग्रेस उमेदवाराविरुद्ध निवडणूक याचिका केली. उमेदवाराच्या प्रचारावर पक्षाने केलेला खर्चही त्याच्या खर्चमर्यादेत धरावा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर १९७४ रोजी दिला. तो निकाल अमलात आला असता तर निवडणुकीच्या अर्थकारणाचे रूपच पालटले असते. सरकारने त्याच महिन्यात अध्यादेश काढून निकालाची धार काढून घेतली. त्याचा परिणाम आजही भोगावा लागतो आहे. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाखांची आणि विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची मर्यादा आहे; पक्षाला मर्यादा नाही. घराच्या खिडकीला गज बसवून पुढचे दार सताड उघडे ठेवावे, तसा हा बंदोबस्त आहे.

कंवरलाल गुप्ता जनसंघाचे, रामदास नायक भाजपचे. पैशाच्या पारदर्शकतेचा लढा ही काही पुरोगाम्यांची मिरास नव्हे. १९९६ च्या जानेवारीत जैन हवाला डायरीत नाव आले म्हणताच लालकृष्ण अडवाणी यांनी लोकसभेच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला आणि निर्दोष ठरेपर्यंत निवडणूक न लढविण्याचा शब्द पाळला. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, तेव्हा कुठे ते १९९८ च्या रिंगणात उतरले. त्याच पक्षाचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण २००१ मध्ये एक लाखाच्या नोटा स्वीकारताना कॅमेऱ्यात टिपले गेले आणि २०१२ मध्ये त्यांना शिक्षाही झाली. पहिल्या प्रसंगाचा अभिमान बाळगायचा, तर दुसऱ्याची आठवण टाळता येत नाही.

वाजपेयी सरकारने २००३ मध्ये जो कायदा केला तो आजवरच्या प्रयत्नांत सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल. त्या वेळी कायदामंत्री होते अरुण जेटली. २० हजार रुपयांवरील प्रत्येक देणगीदाराचे नाव पक्षाने निवडणूक आयोगाला कळवावे, त्या बदल्यात पक्षाला आयकरात सवलत मिळावी आणि देणगीदारालाही देणगीची पूर्ण वजावट मिळावी, अशी ती रचना होती. नाव सांगा आणि सवलत घ्या. अपेक्षेप्रमाणे देणगीदार पुढे आले नाहीत. अनेकांनी रक्कम २० हजारांच्या आत तोडून देण्याचा सोपा मार्ग पत्करला. बहुजन समाज पक्षाने तर वर्षानुवर्षे आयोगाला कळविले की, २० हजारांहून अधिक देणगी देणारा एकही माणूस आपल्याला भेटला नाही!

याच जेटलींनी अर्थमंत्री या नात्याने १ फेब्रुवारी २०१७ रोजी निवडणूक रोख्यांची घोषणा केली. त्यांचा युक्तिवाद असा की, उद्योजकाला धनादेशाने द्यायचे असते. पण एका पक्षाला दिल्याचे दुसऱ्याला कळले तर सूड उगवला जाईल, ही भीती त्याला रोखीकडे ढकलते. तेव्हा पैसा बँकेतून जावा, पण नाव गुप्त राहावे. हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. रोखीतील देणगीची मर्यादा २० हजारांवरून दोन हजारांवर आणण्याचे पाऊल त्याच अर्थसंकल्पातले. परंतु या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरली गेली, ती म्हणजे सूडाची भीती कायमचीच आहे आणि राज्यकर्त्यांनी ती दूर करण्याऐवजी तिच्यावर पांघरूण घालावे. १९६१ मध्ये टाटांना पांघरुणाची गरज भासली नव्हती.

आणि पांघरूण तरी सर्वांना सारखे होते काय? रोखे केवळ भारतीय स्टेट बँकेतून मिळत. बँकेकडे खरेदीदाराची सारी ओळख नोंदलेली असे, रोख्यावर साध्या डोळ्यांना न दिसणारा क्रमांक असे. बँक सरकारी. म्हणजे मतदाराला काहीच दिसत नव्हते. सत्तेवर जो कोणी असेल त्याला मात्र हवे तर पाहता येणे अशक्य नव्हते. आजचे सत्ताधारी पाहणार नाहीत असे मान्य केले तरी कायदे सज्जनांच्या भरवशावर करायचे नसतात. रिझर्व्ह बँकेने आणि निवडणूक आयोगाने २०१७ मध्येच आपले आक्षेप नोंदविले होते. शिवाय कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची जी मर्यादा होती ती काढून टाकण्यात आली. तोट्यातील कंपनीही हवी तेवढी देणगी देऊ शकेल, अशी स्थिती आली. नफाच नाही, तर ही कंपनी कोणाच्या पैशातून देते, हा प्रश्न कोणालाही पडावा.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली. मतदाराला माहितीचा अधिकार आहे, हा त्याचा गाभा. स्टेट बँकेने तपशिलासाठी ३० जूनपर्यंत मुदत मागितली, ती ११ मार्चला नाकारली गेली आणि काही दिवसांतच याद्या जगापुढे आल्या. सहा वर्षांत एकंदर सुमारे १६,५१८ कोटींचे रोखे विकले गेले होते. एप्रिल २०१९ पासूनच्या तपशिलानुसार भाजपने सुमारे ६,०६० कोटींचे, तृणमूल काँग्रेसने १,६०९ कोटींचे, काँग्रेसने १,४२१ कोटींचे आणि भारत राष्ट्र समितीने १,२१४ कोटींचे रोखे वटविले. सर्वांत मोठा खरेदीदार निघाला तो लॉटरीच्या व्यवसायातला, १,३६८ कोटींचा.

आकडे बाहेर येताच ठरलेला गदारोळ झाला. देशातील सर्वांत मोठा घोटाळा म्हणून जे ओरडत होते त्यांनी स्वतः वटविलेले कोट्यवधींचे रोखे परत केल्याचे कोणी ऐकले नाही. एकाच राज्यापुरत्या असलेल्या तेलंगणातील पक्षाला देशव्यापी काँग्रेसच्या जवळपास जाणारी रक्कम मिळावी, याचा अर्थ निधी विचाराकडे नव्हे तर सत्तेकडे जातो, मग ती दिल्लीची असो वा हैदराबादची. मार्क्सवादी पक्षाने रोखे घेतले नाहीत, एवढे त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे. मौजेचा भाग म्हणजे पक्षांनी आयोगाला दिलेली उत्तरे. संयुक्त जनता दलाने कळविले की, ३ एप्रिल २०१९ रोजी पाटण्याच्या कार्यालयात कोणी अनोळखी इसम आला, पाकीट ठेवून गेला आणि पाकिटात एक-एक कोटीचे दहा रोखे होते. दहा कोटी ठेवून जाणाऱ्याला चहा तरी विचारला की नाही, याची नोंद नाही.

पण थट्टेने विषय संपत नाही. काही कंपन्यांनी तपास यंत्रणांच्या कारवाईनंतर रोखे घेतले, काहींनी मोठी कंत्राटे मिळण्याच्या आगेमागे, असे तारखांवरून दिसून आले. त्यांत देवाणघेवाण होती हे सिद्ध झालेले नाही. विशेष तपास पथकाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २ ऑगस्ट २०२४ रोजी फेटाळली. म्हणजे दोषी ठरण्याची शक्यता संपली. निर्दोष ठरण्याची शक्यताही त्याबरोबरच संपली, हे मात्र सत्ताधारी पक्षाच्या अनेक समर्थकांच्या ध्यानात आलेले दिसत नाही. देणगी ज्या दिवशी दिली त्याच दिवशी नाव जाहीर असते, तर प्रामाणिक देणगीदार आणि प्रामाणिक पक्ष दोघांनाही तेव्हाच उत्तर देता आले असते. पाच वर्षांनी न्यायालयाच्या धाकाने उघडलेल्या यादीत चोर आणि साव एकाच रांगेत उभे राहतात.

या ठिकाणी एक आक्षेप घरातूनच येतो आणि तो गांभीर्याने घेतला पाहिजे. आपल्या परंपरेत गुप्तदानाला श्रेष्ठ मानले आहे. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे घरातील वडीलधारी सांगतात. संघाची गुरुदक्षिणा १९२८ पासून चालत आलेली. भगव्या ध्वजापुढे स्वयंसेवक बंद पाकीट ठेवतो, कोणी किती दिले हे शेजारच्याला कळत नाही. मग राजकीय देणगी गुप्त राहिली तर बिघडले कुठे?

बिघडते ते असे. गुप्तदानाचे मर्म दात्याचा अहंकार गळून पडावा यात आहे आणि दानाचे फळ मागायचे नाही यात आहे. गुरुदक्षिणा देणाऱ्याला परतफेडीत रस्त्याचे कंत्राट मिळत नाही, भूखंडाचे आरक्षण उठत नाही. देवळातल्या पेटीत टाकलेल्या नोटेच्या मोबदल्यात देव निविदा मंजूर करीत नाही. राजकीय पक्ष हा राज्ययंत्रणा हाती घेण्यासाठीच निधी गोळा करतो; त्याच्या निर्णयाने कोणाचे भले, कोणाचे नुकसान होते. तेथे दात्याचे नाव झाकले तर अहंकार झाकला जात नाही, अपेक्षा झाकली जाते. शिवाय एक-एक कोटीच्या रोख्यांचे मूल्य एकूण विक्रीच्या ९४ टक्के होते. पत्रंपुष्पं वाहणाऱ्या भाविकाची उपमा या व्यवहाराला देणे हा भाविकाचा अवमान आहे.

लहान रकमांतून मोठी कामे कशी उभी राहतात हे महाराष्ट्राला शिकवावे लागत नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभारला, लोकमान्यांनी त्याला बळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना सुरू झाला. जानेवारी-फेब्रुवारी २०२१ मध्ये अयोध्येतील राममंदिरासाठी दहा, शंभर आणि हजार रुपयांची कूपने घेऊन कार्यकर्ते गल्लीबोळांतून फिरले. दोन हजार कोटींहून अधिक निधी जमला तो पावत्यांसह. आणि मराठवाड्यापाशी तर याहून मोठा दाखला आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक सशस्त्र तुकड्यांनी लुटली. सुमारे २० लाखांची ती रक्कम लढ्यासाठी होती. पावती मागणारे कोणी नव्हते, कायदा निजामाचा होता, प्राण पणाला लागलेले होते. तरीही त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला आणि लढा संपल्यावर तो सादर करण्यात आला. लुटीच्या पैशाचा हिशेब देणाऱ्यांच्या मुलखात देणगीच्या पैशाचा हिशेब मागणे जगावेगळे का ठरावे?

त्याच नांदेड जिल्ह्यात २००९ मध्ये काय घडले तेही सांगायला हवे. विधानसभा निवडणुकीच्या सुमारास तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचा गौरव करणारी पानेच्या पाने वृत्तपत्रांतून बातमीच्या वेषात प्रसिद्ध झाली. ‘अशोकपर्व’ हे शीर्षक अनेकांना आठवत असेल. खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींपोटी दाखविलेली रक्कम ५,३७९ रुपये होती. त्यांचे पराभूत प्रतिस्पर्धी डॉ. माधवराव किन्हाळकर यांनी प्रकरण धसास लावले आणि उमेदवाराने दिलेला हिशेब खरा की खोटा हे तपासण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये ठरविले. पुढे आयोगाचा प्रतिकूल आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केला. चव्हाण २०२४ पासून भाजपमध्ये आहेत. म्हणून त्या हिशेबाविषयीचे प्रश्न विचारायचे सोडून द्यावेत, असे काही नाही.

संभाजीनगरच्या महापालिकेत एप्रिल २०२० पासून प्रशासक होते. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. नळाला पाणी येण्याची अनेक दिवस वाट पाहण्यात शहरातील गृहिणींचे आयुष्य गेले आणि रस्ते, जलवाहिनी, कचरा यांच्या कामांतून शेकडो कोटींचा खर्च होत राहिला. ही कामे घेणारा गुत्तेदार, शहराच्या भोवती प्लॉटिंग करणारा व्यावसायिक, वाळूज-शेंद्र्याचा उद्योजक यांपैकी कोणी कोणत्या पक्षाला किती निधी दिला, हे गारखेड्यातील मतदाराला जाणून घ्यायचे असेल तर तो कोठे जाणार? पक्षाचा अहवाल एकत्र होऊन आयोगाकडे जातो. शहराच्या पातळीवर ना यादी, ना फलक. लोकसभेच्या उमेदवाराला कोण पैसे देतो यापेक्षा नगरसेवकाला कोण देतो, याचा मतदाराच्या दैनंदिन जीवनाशी निकटचा संबंध असतो. आणि नेमके तेथेच अंधार सर्वांत दाट आहे.

अंधाराचा फायदा घेणारे केवळ गुत्तेदारच असतात, अशी मध्यमवर्गाने समजूत करून घेण्याचेही कारण नाही. राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवर आयकरात पूर्ण वजावट मिळते. ज्यांनी कधी निवडणूक लढविली नाही अशा नोंदणीकृत पक्षाच्या नावे धनादेश द्यायचा, दलालाने आपले कमिशन कापून रोख परत करायची आणि फॉर्म १६ च्या जोरावर कर वाचवायचा, हा उद्योग गेली काही वर्षे देशभर फोफावला. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने सुमारे दीडशे ठिकाणी पडताळणी केली. त्याच वर्षी निवडणूक आयोगाने सहा वर्षांत एकही निवडणूक न लढविलेले आठशेहून अधिक पक्ष यादीतून काढून टाकले. असे देणगीदार बहुतेक पगारदार होते, सुशिक्षित होते. रोज सकाळी वृत्तपत्र वाचून राजकारणातील भ्रष्टाचारावर हळहळणाऱ्यांपैकीच ते होते.

आता रोखे गेले, तर निधीचा ओघ निवडणूक न्यासांकडे वळला आहे. २०१३ च्या योजनेनुसार चालणारे हे न्यास देणगीदारांची आणि पक्षांची नावे जाहीर करतात, हे रोख्यांपेक्षा निश्चितच बरे. २०२४-२५ मध्ये त्यांनी सुमारे ३,८११ कोटी रुपये वाटले, त्यांतील बहुतांश वाटा भाजपकडे गेला. मात्र न्यासाच्या हौदात दहा कंपन्यांचे पाणी एकत्र झाले की, कोणाचे पाणी कोणत्या पक्षाच्या शेतात गेले ते सांगता येत नाही. कंपनीनिहाय, पक्षनिहाय नोंद जाहीर करण्याची सक्ती न्यासांना केली तर हा पडदाही दूर होईल आणि त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.

परदेशांचे दाखले देण्याची आपल्याकडे हौस असते. अमेरिकेत दोनशे डॉलरहून अधिक देणाऱ्याचे नाव जाहीर होते, ब्रिटनमध्ये निवडणूक आयोग दर तिमाहीला याद्या प्रसिद्ध करतो; तरी दोन्हीकडे धनिकांचा प्रभाव ओसरलेला नाही. म्हणून नावे लपवावीत असा निष्कर्ष मात्र कोणी काढला नाही.

केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ रोजी काँग्रेस, भाजप, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, राष्ट्रवादी काँग्रेस आणि बसप यांना माहिती अधिकाराच्या कक्षेत आणले. सहापैकी एकाही पक्षाने तो आदेश पाळला नाही. एरवी संसदेत एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्यांचे एवढे एकमत क्वचितच पाहायला मिळते. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोघांनाही परकीय देणगीच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल दोषी धरले, तेव्हा कायदाच मागील तारखेपासून बदलण्यात आला. प्रथम २०१६ मध्ये, मग २०१८ मध्ये थेट १९७६ पर्यंत मागे जाऊन. परकीय पैशाविषयी एवढे जागरूक असलेल्या राष्ट्रवादी विचाराच्या पक्षाने त्या दुरुस्तीत पुढाकार घ्यावा, हे त्याच्या कार्यकर्त्याला खटकले असेल तर त्यात नवल नाही. खटकले नसेल तर नवल आहे.

२० हजारांच्या आतील देणगीदारांची नावे आयोगाला कळविण्याची सक्ती कायदा करीत नाही. मनाईही करीत नाही. देशातील सर्वांत मोठ्या, सर्वाधिक निधी मिळविणाऱ्या आणि केंद्रात सत्तेवर असलेल्या पक्षाने दोन हजार रुपयांवरील प्रत्येक देणगीची यादी जिल्हावार दर महिन्याला प्रसिद्ध करावयाचे ठरविले, तर त्याला कोणत्याही न्यायालयाची, आयोगाची वा विरोधी पक्षाची अनुमती लागणार नाही. पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्या पुण्यतिथीला, ११ फेब्रुवारीला, कार्यकर्ते समर्पण निधी देतात. तो देताना पावतीपुस्तकावर नाव लिहिले जाते. त्या पावतीपुस्तकाची प्रत संभाजीनगरच्या पक्ष कार्यालयातील फलकावर लावण्यास एक दिवसही पुरेसा आहे.